जमीन विकू नका

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. सातव्या महिन्यात झाला, वजन चौदाशे ग्रॅम, महिनाभर काचेच्या पेटीत होता. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितलंय, दोन्ही पाय जास्त कडक आहेत. पावणेदोन वर्षांचा असताना आधाराशिवाय बसला. आता रांगतो, खाटेला धरून उठतो, पण टाचा टेकत नाहीत आणि पाय एकमेकांत अडकतात. समज चांगली आहे. बोलणं मात्र घरच्यांनाच कळतं. शेळ्यांचा फार नाद, दिवसभर गोठ्याकडे बोट दाखवतो. आठवड्यातून तीनदा मी त्याला एसटीनं थेरपीला नेते. तिथं पाय ताणतात, तो किंचाळतो, मला बाहेर बसवतात. दीड वर्ष झालं, काही फरक दिसत नाही. आता एका मोठ्या शहरातल्या सेंटरनं स्टेम सेलचे चार लाख सांगितलेत. पाच वर्षांच्या आत केलं तरच उपयोग, असं म्हणतात. सासरे अर्धा एकर विकायला तयार झालेत. मालक ट्रकवर असतात, ते म्हणतात तू ठरव. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना ग्रहणात विळी धरलीस म्हणून असं झालं. अंगणवाडीच्या बाई म्हणतात, चालायला लागला की पाठवा. ताई, तो चालेल का? जमीन विकू का?

उत्तर:

जमीन विकू नका. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी. बोलणी सुरू झाली असतील तर आजच थांबवा, इसार घेतला असेल तर परत करा.

स्टेम सेल म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी. त्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात. रक्ताच्या काही आजारांत त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे, बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात ते हेच. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे कोवळ्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाली बिघडतात त्या आजारात, तो सिद्ध झालेला नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्वच्छ लिहिलंय. रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर बाकी सगळीकडे स्टेम सेल फक्त मंजूर संशोधनातच वापरायच्या, आणि त्या संशोधनात सामील होणाऱ्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. सेंटरवाल्यांचा पुन्हा फोन आला की एवढंच विचारा: 'हे संशोधन असेल तर त्याचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक द्या, आणि संशोधन असेल तर चार लाख कशाचे?' सीटीआरआय म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही. उत्तर देताना ते गुळमुळीत बोलू लागले की तुम्हाला कळेलच.

त्यांनी तुम्हाला मोबाइलवर व्हिडिओ दाखवले असणार. आधी न चालणारं मूल, नंतर चालणारं मूल. व्हिडिओ खोटाच असेल असं मी म्हणत नाही. पण अशा पॅकेजमध्ये इंजेक्शनबरोबर महिना-दोन महिन्यांची रोजची थेरपीही असते, आणि त्या काळात मूल वाढतही असतं. साडेचार-पाच वर्षांचं मूल तीन-चार महिन्यांत बदलतंच. त्यातला किती बदल कशामुळे झाला हे व्हिडिओवरून कुणालाच सांगता येत नाही. ते कळावं म्हणूनच संशोधन करावं लागतं.

आता ते 'पाच वर्षांच्या आत'. हे ऐकून आईबापांच्या पोटात गोळा येतो आणि घाईघाईत सह्या होतात, म्हणून यावर जरा थांबते. या वाक्याच्या मुळाशी एक खरा अभ्यास आहे. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात सेरेब्रल पाल्सीच्या 657 मुलांचं बसणं, उठणं, चालणं काही वर्षं मोजलं गेलं आणि 2002 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. बसण्या-चालण्याची जी काही क्षमता मुलाच्या वाट्याला येणार असते, तिच्यातला जवळपास 90 टक्के भाग पाच वर्षांच्या सुमाराला किंवा त्याआधीच येऊन गेलेला असतो, असं त्यात दिसलं. पण तो अभ्यास सांगतो तो वाढीचा वेग. अमुक इंजेक्शन अमुक वाढदिवसाच्या आत घ्या, असं त्यात कुठेही नाही. शिवाय तो फक्त मोठ्या हालचालींबद्दल आहे. हातानं घास घेणं, शर्ट घालणं, लिहिणं, बोलणं, वॉकर सफाईनं वळवणं, मित्रांमध्ये मिसळणं, यांतलं काहीही पाचव्या वाढदिवसाला संपत नाही. सातव्या, दहाव्या, पंधराव्या वर्षी नवं काम शिकलेली मुलं मी स्वतः पाहिली आहेत, त्यांना शिकवलंही आहे.

ग्रहणाचं बोलणं तुमच्या मनाला लागलंय हे अक्षरावरून कळतं. विळीचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत, मधल्या पोकळ्यांभोवतीचा भाग फार नाजूक असतो. रक्तपुरवठा जरा कमी-जास्त झाला, ऑक्सिजन कमी पडला, संसर्ग झाला, तर पहिली इजा तिथं होते. पायांकडे निरोप नेणारे तंतू या पोकळ्यांच्या अगदी लगत असतात, हातांचे थोडे बाहेरच्या बाजूला. म्हणून लवकर जन्मलेल्या मुलांत पुष्कळदा पाय जास्त कडक असतात आणि हात बरे असतात. तुमच्या मुलाचं चित्र तंतोतंत असंच आहे. ही इजा वाढत जात नाही. स्नायू आणि सांधे मात्र मूल वाढताना आखडत जाऊ शकतात, आणि तिथंच आपल्याला काम करायचं आहे. हा परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखवा. त्यांना दुखवायला नव्हे. त्याही नातवासाठी कारण शोधतायत, आणि त्यांना सापडलं ते कारण चुकीचं आहे.

तो चालेल का? मूल समोर नसताना मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा वाचली: पावणेदोन वर्षांचा असताना तो आधाराशिवाय बसला. दोन वर्षांच्या आत स्वतंत्र बसू लागलेली मुलं पुढे काही ना काही प्रकारे चालण्याची शक्यता चांगली असते. त्यात तो रांगतोय, धरून उठतोय. काही प्रकारे म्हणजे कसं, तर कुणी मोकळं चालतं, कुणी कुबड्या घेऊन, कुणी वॉकर घेऊन. आणि घरात वॉकर, लांब जायचं तर व्हीलचेअर, असंही पुष्कळांचं असतं. तुमच्या थेरपिस्टना विचारा, 'याची जीएमएफसीएस लेव्हल कोणती?' मोठ्या हालचालींच्या या पाच पायऱ्या आहेत. पहिलीतलं मूल सगळीकडे चालतं, पाचवीतल्या मुलाला मान सावरायलाही आधार लागतो. मधल्या तीनपैकी आपलं मूल कुठं आहे हे कळलं की पुढच्या दोन-तीन वर्षांत कशासाठी झटायचं ते ठरवता येतं. दीड वर्षात हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर ते तुम्ही विचारायलाच हवं.

आता जी थेरपी चालू आहे तिच्याविषयी. किंचाळणाऱ्या मुलाचे पाय ताणायचे आणि आईला दाराबाहेर बसवायचं, ही पद्धत मला मान्य नाही. नुसतं हातानं काही मिनिटं ताणून स्नायूंचं आखडणं थांबतं, असा पुरावा नाही. ताण टिकायला तो तासन्‌तास, हळुवार मिळावा लागतो. त्यासाठी पायाच्या मापाचा स्प्लिंट असतो, ज्याला एएफओ म्हणतात. आणि दुसऱ्यानं हलवलेल्या पायानं मेंदू फारसं शिकत नाही. मेंदू शिकतो तो मुलानं स्वतः, स्वतःला हवं असलेलं काम पुन्हा पुन्हा करून पाहिल्यावर. जगभरात या विषयावर जे अभ्यास झाले त्यांचा कल गेली पंधरा-वीस वर्षं याच दिशेला आहे. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियातून एक अभ्यास आला होता, 36 मुलांचा. थेरपिस्टनी आईवडिलांबरोबर बसून उद्दिष्टं ठरवली, घरी काय करायचं ते शिकवलं, आणि आठ आठवड्यांत त्या मुलांच्या रोजच्या कामांत नुसती वाट पाहणाऱ्या मुलांपेक्षा चांगला फरक दिसला.

म्हणून थेरपिस्ट बदलण्याआधी त्यांना हे विचारून पाहा: 'येत्या दोन महिन्यांत याला नेमकं काय जमवायचं? मी आत बसून पाहू का? घरी मी काय करू ते माझ्या हातून करवून घ्याल का?' चांगल्या थेरपिस्टना हे प्रश्न आवडतात. मग आठवड्यातून तीनदा एसटीचे धक्के खायचीही गरज उरणार नाही. पंधरा दिवसांतून एकदा जाऊन पुढचं शिकून यायचं आणि रोज घरी करायचं, असं त्यांच्याशी ठरवता येईल.

आणि काम कोणतं निवडायचं ते तर त्यानंच सांगून ठेवलंय. गोठा!

त्याच्या गुडघ्याच्या उंचीचं स्टूल घ्या. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर पायाखाली पाट सरकवा. पायांत त्याच्या कमरेइतकं अंतर ठेवा, गुडघे आत वळत असतील तर तुमचे हात हलकेच गुडघ्यांवर, बाहेरच्या दिशेनं. पुढ्यात धरायला काहीतरी पक्कं हवं, गोठ्याचा आडवा बांबू उत्तम. आता सुबाभळीची नाहीतर शेवरीची एक डहाळी त्याच्यासमोर, हातभर पुढे आणि थोडी वर धरा. ती घ्यायला तो पुढे वाकेल. नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं की बूड आपोआप उचललं जातं. तुम्ही काखेत हात घालून ओढू नका. ओढलं की तो मागे रेलतो आणि पाय आणखी कडक होतात. उभा राहिला की डहाळी शेळीच्या तोंडाशी न्यायची, मग सावकाश खाली बसायचं. हे सावकाश बसणं महत्त्वाचं, धपकन बसला तर पायांची निम्मी मेहनत वाया जाते. जितक्या शेळ्या तितके घास, म्हणजे तितक्या उठाबशा. तो मोजायलाही शिकेल.

हे जमलं की बांबू भिंतीला लागून लांब करा, त्याच्या छातीच्या उंचीवर. दोन्ही हातांनी धरून एका शेळीकडून दुसरीकडे आडवं सरकत जायचं. आडवं चालताना पाय एकमेकांपासून लांब न्यावा लागतो, आणि पाय अडकणाऱ्या मुलाला हीच हालचाल सगळ्यात जास्त हवी असते. बांबू ठोकायचं काम सासऱ्यांना सांगा. तिथली जमीन धोपटून सारखी करून घ्यायची, खुंटी-दावं पायात येईल असं काही ठेवायचं नाही, आणि मारकी शेळी असेल तर ती पलीकडे बांधायची. आधी एकदा थेरपिस्टना मोबाइलवर व्हिडिओ दाखवून घ्या, म्हणजे उंची, पाय ठेवणं यात काही सुधारायचं असेल तर ते सांगतील. दुखतंय असं वाटलं तर त्या दिवशी थांबा.

घरात आणखी दोन गोष्टी. कडेवर घेताना त्याचे पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना फाकवून घ्या, दोन्ही पाय एकत्र धरून लहान बाळासारखं आडवं घेऊ नका. आणि जेवताना त्याला मांडीवर रेलवून भरवू नका. खोलीच्या कोपऱ्यात छोट्या स्टुलावर, पाठ आणि कुशी भिंतींना टेकलेल्या, पाय जमिनीवर, समोर चौरंगावर ताटली. मान किंचित पुढे झुकलेली असावी. मागे कललेल्या मानेनं घास गिळणं कुणालाही अवघड जातं. चमच्याच्या दांड्याला जुन्या सायकलच्या मुठीचं रबर चढवा, मूठ नीट बसते. ताटली सरकू नये म्हणून खाली ओला फडका. आमटीत कुस्करलेल्या भाकरीचा काला चमच्यावर चांगला टिकतो, पातळ वरण सांडतं, म्हणून सुरुवात काल्यानं करा. पहिले काही दिवस निम्मं जमिनीवर जाईल. जाऊ द्या. पाणी पिताना त्याला वारंवार ठसका लागत असेल, घास गिळल्यावर आवाज घरघरत असेल, किंवा छाती सारखी भरत असेल, तर मात्र लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

हे जेवणा-कपड्याचं, हातातल्या कामाचं शास्त्र म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. आपल्याकडे ओटी म्हणतात. तुमच्या मुलाला आजवर फक्त फिजिओ मिळालेली दिसते, ओटी कुणी सुचवलेलीच नाही. वाईट याचं वाटतं की या विषयाचं देशातलं पहिलं शिक्षण सुरू झालं तेच महाराष्ट्रात. कमलाबाई निंबकरांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते सुरू केलं. जन्मानं अमेरिकन असलेल्या या बाईंनी इथं लग्न केलं, इथंच संसार केला आणि हातांना काम देऊन माणूस उभा करण्याची ही विद्या इथल्या मुलामुलींना शिकवली. इतक्या वर्षांनंतरही तालुक्याच्या गावात ओटी मिळत नाही, आणि असं काही असतं हेही आयांना माहीत नसतं.

बोलण्याबद्दल. स्पीच थेरपिस्टकडे जायच्या आधी कान तपासून घ्या. वेळेआधी जन्मलेली आणि पेटीत राहिलेली मुलं कधीकधी कमी ऐकतात, आणि घरच्यांना ते लक्षात येत नाही, कारण मूल चेहऱ्यावरून, हातवाऱ्यांवरून ओळखून वागतं. मूल शांत झोपलेलं असताना करायची बेरा नावाची तपासणी असते, तिच्यातून कळतं. डोळेही तपासा, तिरळेपणा किंवा चष्म्याचा नंबर या मुलांत पुष्कळदा असतो. आणि तोपर्यंत त्याला गप्प ठेवू नका. भाकरी, पाणी, शी-शू, आजोबा, शेळी, दुखतंय, नको, आणखी, अशा आठ-दहा चित्रांचा पुठ्ठा करा. फोटो चिकटवले तरी चालतील. त्यानं बोट ठेवलं की तुम्ही तो शब्द मोठ्यानं म्हणा आणि त्याला म्हणायला वेळ द्या. मनात दहापर्यंत मोजा, तेवढा वेळ त्याला लागतो. चित्रं दिली की मूल बोलायचं आळशी होतं, असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. तसं होत नाही. समोरच्याला आपलं कळतंय असं दिसलं की मूल जास्त बोलायला जातं.

एक तपासणी मात्र लांबवू नका. खुब्यांचा एक्स-रे. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण तीनांतल्या एका मुलाचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो. सुरुवातीला दुखत नाही, बाहेरून दिसत नाही, आणि दिसायला लागतो तेव्हा मोठ्या ऑपरेशनची वेळ आलेली असते. ज्याचे पाय एकमेकांत अडकतात त्याचा तर नक्कीच पाहावा. एक्स-रे साधा असतो, सरकारी दवाखान्यात होतो. हाडांच्या डॉक्टरांना तो दाखवून पुढचा कधी काढायचा हे लिहून घ्या. त्याच भेटीत टाचांचं विचारा. एएफओ लागेल का, बोटॉक्सचा उपयोग होईल का. बोटॉक्सच्या इंजेक्शनानं कडक स्नायू साधारण तीन-चार महिने सैल पडतो. त्या काळात स्प्लिंट आणि सराव जोरात केला तर फायदा होतो, नुसतं इंजेक्शन देऊन घरी आणलं तर पैसे गेले म्हणून समजा.

हे सगळं कुठं करायचं? सोलापूरच्या सिव्हिलपासून सुरुवात करा. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. 2013 मध्ये त्याची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. वाढीत मागे असलेल्या मुलांना हे पथक जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं, ज्याला डीईआयसी म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, कान-डोळे, बोलणं, हे सगळं एका जागी मिळावं अशी त्या केंद्राची कल्पना आहे. तुमचा मुलगा अंगणवाडीतच जात नसल्यानं बहुधा पथकाच्या नजरेतून सुटला. आशाताईंना सांगून चिठ्ठी घ्या आणि जा.

तिथंच दिव्यांग प्रमाणपत्राचं आणि यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचं, काम करून घ्या. आधी ऑनलाइन अर्ज भरावा लागतो, महा-ई-सेवा केंद्रात भरून देतात. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व लिहून मिळालं की बऱ्याच गोष्टी मोकळ्या होतात. एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात सेरेब्रल पाल्सी बसते आणि वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो. तिचं मोठेपण असं की अॅडमिट न होता घेतलेल्या थेरपीचाही काही खर्च तिच्यातून निघतो, म्हणून फिजिओ-ओटीच्या पावत्या जपून ठेवा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो. वॉकर, स्प्लिंट, घरासमोरचा उतार यासाठी तुमचे सासरे लेखी अर्ज देऊन पोच घेऊ शकतात. तोंडी बोलून काही होत नाही, हे त्यांना गावच्या अनुभवावरून माहीत असेलच. वॉकर घ्यायची वेळ येईल तेव्हा पाठीमागे राहणारा घ्या, त्यानं मूल ताठ चालतं. आणि चाकं मोठी, कारण तुमच्या गावच्या वाटेवर लहान चाकं रुततील.

थेरपिस्ट खरे की कोर्स करून बोर्ड लावलेले, हेही पाहता येतं. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. फिजिओ आणि ओटी यांच्यासाठी आपल्या राज्याची वेगळी परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान कसला?

उरली अंगणवाडी. बाईंचा हेतू वाईट नसेल. तो पडेल-झडेल, बाकीची पोरं ढकलतील, अशी त्यांना धास्ती असणार. पण चालणं ही अंगणवाडीत बसण्याची अट नाही. त्याला उद्यापासून पाठवा. कोपऱ्यात हात असलेली छोटी खुर्ची, पायाखाली पाट, आणि पहिले आठ दिवस तासभर तुम्ही सोबत. बाईंना चित्रांचा पुठ्ठा दाखवा, त्या वापरतील. समज चांगली असलेल्या मुलाला घरात कोंडून ठेवलं की त्याचं पायांपेक्षा जास्त नुकसान होतं, आणि बोलणं सुधारायला दुसऱ्या पोरांसारखी थेरपी नाही. सहा वर्षांचा झाला की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा त्याला हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, तुम्ही निवडाल तिथं. आतापासूनच तालुक्याच्या गट साधन केंद्रात जाऊन विशेष शिक्षक कोण आहेत ते विचारून ठेवा. समग्र शिक्षा योजनेतून शाळेतली मदत, प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता यांची सोय त्यांच्यामार्फतच होते. शाळेनं नाही म्हटलं तर ते लेखी मागा. लेखी मागितलं की बहुतेक शाळा नाही म्हणत नाहीत.

आणि तुम्ही. पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. पंधरा-सोळा किलोचं मूल घेऊन एसटी चढता-उतरताय, म्हणजे कंबर दुखत असणार. उचलताना कमरेत वाकू नका, एक गुडघा टेकून बसा, त्याला छातीशी घ्या आणि मग उठा. त्याला स्वतः जितकं चढता येईल तितकं चढू द्या, उशीर झाला तरी. मालकांना सांगा की 'तू ठरव' हे चालणार नाही. ते ट्रकवर असले तरी रात्री फोनवर दिवसाचा व्हिडिओ बघू शकतात, आणि घरी येतील त्या दिवशी गोठ्यातली उठाबस त्यांनीच घ्यायची. सिव्हिलच्या पहिल्या फेरीला सासऱ्यांना सोबत न्या, म्हणजे डॉक्टर काय म्हणाले ते घरी तुम्हाला एकटीला पटवून द्यावं लागणार नाही. पुढच्या थेरपीच्या फेऱ्यांतली प्रत्येक दुसरी फेरी घरातल्या आणखी कुणीतरी करायची, असं सगळ्यांसमोर ठरवून टाका.